अकराव्या चालीपाशी पेन्सिलीचा गोल

ताई, नमस्कार. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. मुलगी सहावीत आहे, दोन वर्षं झाली बुद्धिबळ खेळते. दिव्या देशमुख वर्ल्ड कप जिंकली तेव्हापासून तर घरात दुसरा विषयच नाही. तिनं यूट्यूबवर बघून एक ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, शिकलीय, फ्राइड लिव्हर म्हणतात तिला. आम्ही माळकरी माणसं, आणि आमची पोर ‘कलेजी फ्राय, कलेजी फ्राय’ करत घरभर फिरते. ते असू दे. त्या ओपनिंगनं ती क्लासमध्ये सगळ्यांना हरवायची. मागच्या महिन्यात तेरा वर्षांखालची जिल्हा निवड झाली. शेवटची फेरी जिंकली असती तर नाव लागलं असतं. तीच ओपनिंग खेळली आणि १९ चालींत हरली. हॉलच्या जिन्यातच मी तिला बोललो, चारचौघांत. सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत गाडीवर मागं बसून एक शब्द बोलली नाही. आता सर म्हणतात, हे धोक्याचं खेळणं बंद, मी लंडन सिस्टीम शिकवतो. आजोबा म्हणतात, घोडा घेऊन दुसऱ्याच्या घरात उगंच कशाला शिरायचं. पोरगी म्हणते, मी सोडणार नाही. मला सोंगट्या कशा चालतात एवढंच कळतं. तिच्या स्कोअरशीटचा, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदाचा, फोटो सोबत जोडलाय. काय करावं, सांगा की ओ.

– एक वडील, सोलापूर

दादा,

तुमचं पत्र अर्धंच वाचलं आणि आधी स्कोअरशीटचा फोटो उघडला. डाव आधी, माणसाचं म्हणणं नंतर, ही माझी जुनी खोड आहे, माफ करा. कपाटातून पट काढला, मोहरी मांडली आणि लेकीचा डाव पहिल्यापासून दोनदा खेळून पाहिला. अक्षर छान आहे हो तिचं. शिवाय प्रत्येक चालीपुढे घड्याळातला वेळही लिहिलाय. ही सवय कुणी लावली असेल त्यांचे आभार माना, कारण मला सगळ्यात जास्त तिथेच सापडलं.

ओपनिंग सोडायला लावू नका. एवढंच उत्तर हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण तिनं ती नुसती चालू ठेवूनही भागणार नाही, आणि त्यात तुम्हाला काम आहे. म्हणून जरा नीट सांगते.

तिची कलेजी काय आहे ते आधी पाहू. पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच ही अक्षरं आणि आडव्यांना एक ते आठ हे आकडे, त्यावरून घराचं नाव. पांढऱ्याचा उंट सी-४ वर, घोडा चौथ्या चालीला जी-५ वर. दोघांचा नेम एकाच घरावर, एफ-७ वर. त्या प्याद्याला राखायला काळ्याच्या राजाशिवाय कुणी नसतं. काळा डी-५ वर प्यादं आणून उंटाची वाट अडवतो, पांढरा ते प्यादं खातो. इथे क्लासमधली मुलं काय करतात? गेलेलं प्यादं घोड्यानं परत खातात. झालं! पांढरा घोडा सरळ एफ-७ वर उडी मारून स्वतःचा बळी देतो, राजा त्याला खायला बाहेर येतो, वजीर एफ-३ वरून शह देतो, आणि डी-५ वरचा आपला घोडा वाचवायला काळ्याच्या राजाला पटाच्या मधोमध ई-६ वर येऊन उभं राहावं लागतं. भर बाजारात अनवाणी आल्यासारखा. चारशे वर्षांपूर्वी रोममध्ये पोलेरिओ नावाचा खेळाडू असं खेळल्याची नोंद आहे, आणि आज नवी पेठेतल्या एखाद्या क्लासमधलं पोरही त्याच खड्ड्यात पडतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला यात मजा वाटली नाही तरच नवल.

शेवटच्या फेरीतल्या मुलीनं मात्र घोड्यानं खाल्लं नाही. तिनं आपला दुसरा घोडा ए-५ ला नेला, उंटाच्या अंगावर. तुमच्या लेकीचे सगळे व्हिडिओ इथे संपले. तिथून पुढे ती एकटी होती.

आता जेवणाचं ताट बाजूला सारा आणि हे मोजा. पहिल्या तेरा चाली पांढऱ्यानं काय काय हलवलं? घोडा: एफ-३, जी-५, परत एफ-३, मग ई-५, मग जी-४. पाच वेळा. उंट: सी-४, बी-५ वरून शह, मागे ई-२, मग जी-४ वर खाल्लं, मग एफ-३. पाच वेळा. उरलेल्या तीन चाली एकाच प्याद्याच्या: ई-४ वर आलं, डी-५ वर खाल्लं, सी-६ वर खाल्लं आणि तिथेच मेलं. पाच, पाच आणि तीन, झाल्या तेरा. एक घोडा, एक उंट, एक प्यादं. बाकीचं सैन्य रांगेत जसं मांडलं होतं तसंच. दोन्ही हत्ती, दुसरा घोडा, दुसरा उंट आणि खुद्द वजीर, कुणी जागचं हललं नाही. राजाचा किल्लेकोट नाही, म्हणजे त्याला हत्तीच्या आडोशाला नेलेलं नाही. तेराव्या चालीला काळ्यानं एफ-२ वरचं प्यादं खाऊन शह दिला, राजा एफ-१ वर सरकला आणि किल्लेकोटाची वाट कायमची बंद झाली. ते काळं प्यादं त्याच्या नाकासमोर बसून राहिलं आणि त्याला खाताही येईना, कारण मागून वजिराची राखण. पुढच्या सहा चाली वाचवण्यासारखं काही नव्हतं.

हे मी तिला नावं ठेवायला सांगत नाही. पहिल्या नऊ-दहा चालींपर्यंत तिचं बरोबर होतं. अगदी पुस्तकातलं. काळ्यानं एक प्यादं सोडलं आणि त्या बदल्यात तिच्या घोड्याला आणि उंटाला घराघरांतून पळवलं, हाच तर या प्रकारातला सौदा आहे. प्यादं तुझं, वेळ माझा. तिनं प्यादं घेतलं, पण त्याची किंमत चुकवायची वेळ कधी येते हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ती वेळ आली अकराव्या चालीला. काळ्यानं वजीर डी-४ वर आणून ई-५ वरच्या घोड्यावर हल्ला केला. घोड्याला पळायला बरी वाटणारी जागा एकच, जी-४. तिकडे पळाला आणि काळ्याच्या उंटानं त्याला खाल्लं. त्या उंटाला तिच्या उंटानं खाल्लं. मग काळ्यानं ई-३ केलं. ही चाल पटावर एकदा स्वतःच्या हातानं करून बघा. प्यादं एकच पाऊल पुढे गेलं, पण चौथी आडवी ओळ मोकळी झाली आणि वजिराची नजर थेट जी-४ वरच्या उंटावर गेली. तिथे घोड्याचाही नेम आहे. शिवाय त्याच प्याद्याची एफ-२ वर खाऊन शह द्यायची धमकी. एका चालीत दोन दुखणी. समोरची मुलगी चांगली खेळली, हे आधी मान्य करा. हरलेल्याच्या घरात ही गोष्ट कुणी बोलत नाही.

आणि अकराव्या चालीसमोर तुमच्या लेकीनं वेळ काय लिहिलाय? १:०४. डाव एका तासाचा, दर चालीला ३० सेकंद वाढीव. म्हणजे अकरा चाली खेळून तिच्या घड्याळात सुरुवातीपेक्षा चार मिनिटं जास्त होती! पटावर सगळ्यात कठीण प्रश्न पडला तेव्हा तिनं घोडा उचलला आणि ठेवला. डाव संपला तेव्हाही एक तास पाच मिनिटं शिल्लक. वाढीव धरून एकोणीस चालींना तिनं साडेचार मिनिटं दिली. तेवढ्यात तर चहालाही उकळी फुटत नाही. सरांना, आजोबांना, तुम्हाला, सगळ्यांना ओपनिंग दिसली. मला हे दिसलं.

कारखान्यात कापडात दोष दिसला तर तुम्ही दिसला तिथे कात्री लावता का? मागे मागे जाऊन ताण्याचा धागा पहिल्यांदा कुठे तुटला ते बघता. इथे तो एकोणिसाव्या चालीला तुटलेला नाही. चौथ्या चालीला तर नाहीच, जिथे तिनं घोडा जी-५ वर नेला.

आजोबांना माझा नमस्कार सांगा. आणि हेही सांगा की त्यांचं मत टाराशशी जुळतं. टाराश हा मोठा जर्मन उस्ताद, आणि घोडा जी-५ ही कच्च्या खेळाडूची चाल आहे असं तोही म्हणायचा. पण हीच चाल पुढे जगज्जेता झालेला बॉबी फिशर खेळला, १९६३ मध्ये बिस्गायर या अमेरिकन ग्रँडमास्टरविरुद्ध. तुमच्या लेकीच्याच वाटेनं गेला आणि नवव्या चालीला घोडा एफ-३ वर न घेता पटाच्या कडेला, एच-३ वर नेऊन ठेवला. दिसायला अगदी वेडगळ. ती कल्पनाही त्याची नव्हती, त्याच्या कितीतरी आधी पहिला जगज्जेता स्टाइनिट्झ ती खेळून गेला होता. फिशर तो डाव जिंकला. पोरीला हा डाव शोधायला सांगा, बिचारीला निदान सोबत मिळेल.

आता थोडं माझं.

१९८१ मध्ये रोहिणी खाडिलकर आशियाई विजेती झाली तेव्हा मी तुमच्या लेकीएवढी होते. मी किंग्ज गॅम्बिट खेळायचे. दुसऱ्याच चालीला राजाशेजारच्या उंटासमोरचं प्यादं देऊन टाकायचं आणि मग मारामारी. सांगलीला एका स्पर्धेत मी शेवटचे दोन डाव असे काही हरले की विचारू नका. परत येताना मिरजेहून कुर्डुवाडीपर्यंत ती बार्शी लाइटची छोटी गाडी होती, जिच्यासोबत माणूस पळत जाऊ शकेल अशी. त्या गाडीत अख्खा वेळ घरच्या वडीलधाऱ्यांनी मला समजावलं. रागावले नाहीत, समजावलं. उद्यापासून सावध ओपनिंग, आततायीपणा बंद. मी ऐकलं. पुढची दोन वर्षं मी कमी हरले, हे खरं. बरोबरी खूप केल्या. पण पटावर बसताना पोटात जो गोळा यायचा तो येईनासा झाला. तिसऱ्या वर्षी मी कॅरम खेळत होते. कॅरमबद्दल माझी तक्रार नाही, चांगला खेळ आहे. आज पन्नाशी उलटल्यावर पट पुन्हा कपाटाबाहेर आलाय, तो मधली पस्तीस वर्षं आतच होता.

म्हणून ‘मी सोडणार नाही’ हे तिचं वाक्य मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य वाटलं.

सरांचं चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. एका वर्गात वीस मुलं आणि दीड तास, त्यात प्रत्येकाची वेगळी ओपनिंग शिकवायची म्हणजे माणूस वेडा होईल. लंडन सिस्टीममध्ये समोरचा काहीही खेळो, आपली पहिली पाच-सहा मोहरी ठरल्या जागी जातात. त्यांच्या दृष्टीनं सोयीचं आहे, आणि वाईटही नाही. ती जरूर शिकू दे. एक भाजी वाढल्यानं ताट बिघडत नाही. पण लंडनमध्येही ती एका चालीला दहा-पंधरा सेकंदच देणार असेल तर तिथे हरायला एकोणीसऐवजी पस्तीस चाली लागतील, एवढाच फरक. सरांना भेटा. बंदी घालू नका म्हणून भांडायला जाऊ नका. घोडा ए-५ नंतरचं तिला अर्धा तास शिकवाल का, एवढंच विचारा. शिकवणाऱ्याला असा नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, ते खूश होतील.

तुमचं काम आता सांगते. पंधरा दिवस रात्री जेवणं झाली की पट मांडायचा. पांढरी तुम्ही घ्यायची, काळी ती. हो, तुम्ही! तिची लाडकी ओपनिंग तिच्याच विरुद्ध खेळायची. चाली तीच सांगेल, तुम्ही फक्त मोहरी हलवा. तिनं आजवर हा डाव एकाच बाजूनं पाहिलाय, जिथे समोरचा चुकतो आणि आपण टाळ्या घेतो. सापळ्यांच्या व्हिडिओत दुसऱ्या बाजूचं कुणी बोलत नाही, कारण दुसरी बाजू नीट खेळली तर व्हिडिओच होत नाही. काळ्या बाजूला बसली की तिला आपोआप कळेल, एक प्यादं गेलेलं असताना कसं बरं वाटतं, पांढऱ्याच्या कुठल्या चालीची भीती वाटते, कुठल्या चालीनं हायसं वाटतं. तुम्हाला खेळ येत नाही हे इथे फार उपयोगाचं आहे. तुम्ही खरोखरच विचारणार, ‘हा घोडा इथे का गं नेला?’ आणि तिला उत्तर द्यावं लागणार. येणाऱ्या माणसाला ती ‘असंच असतं’ म्हणून उडवून लावेल.

मोबाइलवरचं इंजिन, म्हणजे चांगली चाल शोधून देणारं ॲप, पहिले आठ दिवस बंद. ते लगेच उत्तर सांगतं, आणि सांगितलेलं उत्तर स्पर्धेच्या हॉलमध्ये आठवत नाही. आधी तिनं स्कोअरशीटच्या मागच्या बाजूला लिहावं, अकराव्या चालीला काय वाटलं होतं. ‘काहीच वाटलं नव्हतं’ असं लिहिलं तरी चालेल, ते खरं असेल.

स्पर्धेत एकच नियम घालून द्या: पाठ केलेलं जिथे संपेल त्या चालीला हात मांडीखाली. खरंच मांडीखाली, तळवे खुर्चीवर टेकवून. मोहऱ्याला हात लागला की ते हलवावंच लागतं, हा नियम तिला माहीत असणारच. म्हणून हातच अडकवायचे. किमान पाच मिनिटं. मी आजही तसंच बसते, लोक हसतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नंतर मला शिव्या नकोत. पुढच्या दोन-तीन स्पर्धा ती आणखी हरेल. विचार करायला लागलेला मुलगा किंवा मुलगी सुरुवातीला वाईटच खेळते, पूर्वी आंधळेपणानं जे जमायचं तेही अडतं. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या रेटिंगच्या स्पर्धांना जाणार असाल तर आकडा खाली गेलेला पाहून घाबरू नका. मोठ्यांच्या रेटिंगचा हिशोब साधारण २० च्या गुणकानं होतो, १८ वर्षांखालच्या मुलांचा ४० च्या. उतरतं दणकन, चढतंही तसंच. आणि कधी तिनंच म्हटलं की पप्पा, मला आता यात मजा येत नाही, तर त्या दिवशी ओपनिंग सोडा. तिनं म्हटलं तर.

तेज खेळानं पोरीचा स्वभाव उतावळा होईल का, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण ओळींच्या मध्ये मला ते ऐकू आलं. नाही होत. माझ्या ओळखीतले सगळ्यात भित्रे लोक पटावर राजासमोरची प्यादी देऊन टाकतात.

आता जिना.

तुम्ही स्वतःहून लिहिलंत म्हणून बोलते. दिव्या देशमुखचं नाव घरात रोज निघत असेल तर जपून. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला ती कोनेरू हम्पीला हरवून जिंकली तेव्हा १९ वर्षांची होती. तुमची अकरा-बाराची आहे. मधल्या सात-आठ वर्षांत किती जिने येतील त्याची गणती नाही. त्या दिवशी तिला डावाचं दुःख होतंच, त्यावर तुम्ही लोकांसमोर लाज घातलीत. दोन्ही एका पोरीनं मोटरसायकलच्या मागच्या सीटवर धरून आणलं. माफी मागा असं सांगणार होते, पण आपल्याकडे बापानं मुलीची माफी मागायची म्हणजे दोघंही इतके अवघडतात की ती माफीच एक प्रसंग होऊन बसते. त्यापेक्षा आज रात्री पट तुम्हीच मांडा. शेंगाचटणी-भाकरी होऊ दे, ताटं उचलली जाऊ देत, मग पांढरी मोहरी आपल्याकडे वळवून घ्या आणि म्हणा, शिकव मला ती कलेजी. तिला कळेल.

स्कोअरशीटचा फोटो परत पाठवते आहे. अकराव्या चालीपाशी मी पेन्सिलीनं गोल केलाय. तिथे घोडा जी-४ वर न पळवता एफ-४ खेळून पाहायला सांगा, म्हणजे पळायच्या ऐवजी घोड्यामागे प्यादं उभं करायचं. काळ्यानं ई-४ वरच्या प्याद्यानं ते ‘जाता जाता’ (एन पासां) मारलं, तर पांढरा घोडा एफ-३ वर खाईल आणि काळ्याच्या वजिरालाच पळावं लागेल. पण समजा काळ्यानं ते न मारता उंट सी-५ वर आणला. आता त्याची धमकी काय? पांढऱ्याला किल्लेकोट का करता येत नाही? आणि मग खेळायचं काय?

तिन्ही उत्तरं तिच्या अक्षरात हवीत, आणि प्रत्येकापुढे किती मिनिटं लागली तेही लिहायला सांगा. तुम्ही लिहून पाठवू नका, मला अक्षर ओळखता येतं.

तुमची,
ताई